‘हो हो, कळलं’ म्हणणाऱ्याला खरंच कळलंय का, हे कसं ओळखायचं?

मुठाकाठ

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

माझे बाबा ७६ वर्षांचे. आम्ही कोथरूडला राहतो, आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. महिन्यापूर्वी त्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. रक्तदाब फार खाली यायला लागला होता म्हणून डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. चिठ्ठीवर फक्त तपासण्या लिहिल्या, गोळ्यांचं तोंडीच सांगितलं: सकाळची अर्धी करा, रात्रीची बंद. मी तेव्हा बाहेर पैसे भरत होते. बाबा बाहेर आल्यावर विचारलं, "कळलं ना सगळं?" "हो हो, कळलं."

नऊ दिवसांनी पहाटे बाथरूममध्ये चक्कर आली. पडले नाहीत, भिंतीला धरून खाली बसले, हे आमचं नशीब. मग उलगडा झाला की दोन्ही गोळ्या पूर्वीसारख्याच चालू होत्या. "बाबा, डॉक्टर काय म्हणाले होते?" तर अगदी ठामपणे, "सकाळ-रात्र चालू ठेवा म्हणाले."

मला छळतंय ते हे की ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच ऐकू आलं होतं. आता मागचं आठवतेय तर गेल्या दोन-अडीच वर्षांतलं बरंच काही वेगळं दिसायला लागलंय. चारचौघांत सगळे हसले की बाबा हसतात, पण क्षणभर उशिरा. फोनवर हं हं म्हणतात आणि पटकन माझ्या हातात देतात. माझी मुलगी दुसरीत आहे, ती रोज शाळेतून आल्यावर त्यांना काहीबाही गोष्टी सांगत बसते. ते "अरे वा, मग?" म्हणतात. त्यातलं किती त्यांच्यापर्यंत पोचलंय, देव जाणे.

दोन प्रश्न आहेत. समोरच्याला कळलेलं नाही हे वेळेवर ओळखायचं कसं? आणि त्याचा मान न दुखावता विचारायचं कसं? वयस्करांपुरतंच नाही, कुठलाही अनुभव असेल तर लिहा.

गुळपोळी

बाबा आता कसे आहेत? ते उशिरा येणारं हसू... माझ्या सासूबाईंचं अगदी हेच. वाचताना पोटात कालवलं.

निशिगंध

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कानांच्या तपासण्या करते. तुमचं वर्णन वाचून आधी एकच सांगावंसं वाटतं: कान तपासून घ्या, या आठवड्यात. निदान इथे बसून करता येत नाही, पण ही लक्षणं आम्ही रोज बघतो.

लोकांना वाटतं की कमी ऐकू येणं म्हणजे आवाज बारीक होणं, रेडिओ कमी केल्यासारखा. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात तसं होत नाही. आधी उंच पट्टीचे, म्हणजे जास्त वारंवारितेचे आवाज जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते नीट ऐकू येतात. जातात ती स, श, फ, त, थ, क, ख अशी हलकी व्यंजनं. त्यामुळे माणूस म्हणतो, "मला ऐकू येतंय, पण तुम्ही लोक पुटपुटता." ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक फक्त त्या ‘स’चा आहे. तो गेला की मेंदू संदर्भावरून एक शब्द निवडतो, आणि निवडला हे आपल्याला कळूही देत नाही. बाबांनी वर्षानुवर्षं ‘सकाळ-रात्र’ असंच ऐकलं होतं, म्हणून मेंदूने तेच भरलं असणार.

हे फक्त म्हाताऱ्यांचं नाही. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने ध्वनिमुद्रित वाक्यातला एक आवाज काढून तिथे खोकला टाकला. ऐकणाऱ्यांना शब्द पूर्ण ऐकू आला. खोकला नेमका कुठे आला होता, हेही त्यांना धड सांगता येईना. चांगल्या कानांची माणसं होती ती.

दोन गोष्टी विचारते. बाबा कुठे कामाला होते? आणि डॉक्टरांनी मास्क लावला होता का?

मुठाकाठ

@गुळपोळी, आता ठीक आहेत. गोळ्यांची डबी मीच भरते.

@निशिगंध, मास्क होता! डॉक्टरांना स्वतःलाच सर्दी होती. आणि बाबा शनिवार पेठेत एका छापखान्यात ३४ वर्षं होते. आधी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे, नंतर यंत्रावर. कानात कधी काही घातलेलं मला आठवत नाही.

निशिगंध

मग दोन्ही धागे जुळतात. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास, अनेक वर्षं कानावर पडला तर आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात आणि त्या परत उगवत नाहीत. असं नुकसान बहुधा ४,००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांच्या, आसपास सुरू होतं. वय त्यात भर घालतं.

आणि मास्क. बाबा बहुतेक ओठ वाचत असणार, स्वतःच्याही नकळत. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा किती जण "अचानक ऐकू येईनासं झालं" म्हणून तपासायला आले! कान अचानक बिघडले नव्हते, ओठ दिसायचे बंद झाले होते. आपण सगळेच डोळ्यांनी ऐकतो. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडॉनल्ड यांनी दाखवलं की आवाज ‘बा’चा आणि समोर हलणारे ओठ ‘गा’चे असले, तर बहुतेकांना ‘दा’ किंवा ‘डा’ ऐकू येतं, म्हणजे जे कोणी उच्चारलेलंच नाही ते. डोळे मिटले की लगेच ‘बा’.

पुण्यात बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत तपासणी होते. आधी कानात मळ आहे का तेवढं बघून घ्या. कधी कधी तेवढ्यानेच निम्मं काम होतं. मनाने थेंब मात्र घालू नका.

चिंचेचं_झाड

अवांतर होईल, पण मेंदू शब्द भरतो यावरून गणपती आठवले. ‘फणिवरबंधना’ला ‘फळीवर वंदना’ म्हणणारे आमच्या सोसायटीत निम्मे तरी आहेत, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर खरोखर फळीवर ठेवलेला गणपती असतो. फणी म्हणजे नाग. नाग कमरेला बांधलेला तो फणिवरबंधन. ‘उटी शेंदुराची’ची ‘ओटी’ होते. यातलं कोणी ढोंग करत नाही. लहानपणी कानावर पडलं, त्यातून अर्थ लागला, अर्थ लागल्यावर पुन्हा विचारायचं कारणच उरलं नाही.

विठ्ठलाच्या आरतीतलं ‘निढळावरी कर’ मी चाळीस वर्षं म्हणत होतो. निढळ म्हणजे कपाळ. कपाळावर हात आडवा धरून दूरवर वाट पाहणारा माणूस! आजोबांच्या जुन्या शब्दकोशात सापडलं त्या दिवशी मी ती ओळ पहिल्यांदा ऐकली.

पाऊलवाट

@चिंचेचं_झाड, निढळ मलाही माहीत नव्हतं. आता यंदा म्हणताना गळा दाटणार.

नर्मदाकाठ

मी जबलपूरची. लग्न होऊन पुण्यात आले त्याला १९ वर्षं झाली. माझा अनुभव थोडा वेगळा आहे.

सुरुवातीला ज्या मराठी शब्दांचा अर्थ मुळीच कळत नसे, ते मी विचारायचे. ‘कोशिंबीर’, ‘किल्ली’, ‘उंबरठा’. तिथे कधी घोटाळा झाला नाही. घोटाळे झाले ते हिंदीतही असलेल्या शब्दांनी, कारण तिथे विचारावंसंच वाटलं नाही. ‘शिक्षा’ आमच्याकडे शिक्षण. शेजारच्या मुलाला शाळेत शिक्षा झाली म्हणून त्याची आई सांगत होती आणि मी म्हणाले, "बहुत अच्छा." ‘यातायात’ म्हणजे वाहतूक, ‘आपत्ती’ म्हणजे हरकत, ‘संसार’ म्हणजे सगळं जग.

सगळ्यांत लागलं ते ‘चेष्टा’. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पहिल्या होळीला मी पुरणपोळी करत होते, पुरण बाहेर येत होतं. सासूबाई हसून म्हणाल्या, "ही पोळी आहे की नकाशा?" आणि माझा चेहरा बघून लगेच, "अगं, चेष्टा केली." मला वाटलं, त्या म्हणतायत की प्रयत्न तर केलास. मी म्हणाले, "जी, बहुत चेष्टा की." घरभर शांतता! त्यांना वाटलं, सून म्हणतेय तुम्ही माझी फार टिंगल केलीत. त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी जपून जपून बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी यांनी दोघींना समोर बसवून उलगडा केला. सासूबाई आता नाहीत, पण शेवटपर्यंत त्या मला कुठलाही शब्द वापरून झाला की थांबून विचारायच्या, "तुमच्यात याला काय म्हणतात?" तेवढ्या एका प्रश्नाने मी या घरातली झाले.

तेव्हा @मुठाकाठ, मला तरी असं वाटतं की अजिबात न कळलेलं धोक्याचं नसतं. अर्धं कळलेलं धोक्याचं.

साडेसात_आठ

@नर्मदाकाठ, शंभर टक्के सहमत. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकलो आणि चाकणच्या एका कारखान्यात कामाला लागलो. जर्मन साहेबाने सकाळची वेळ दिली: ‘हाल्ब आख्ट’. हाल्ब म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ. दोन्ही शब्द पाठ. ब्रिटिश लोक ‘हाफ एट’ म्हणतात ते साडेआठला, म्हणून मी साडेआठला हजर. जर्मनमध्ये मात्र ते आठाकडे जाणारा अर्धा तास मोजतात, म्हणजे साडेसात. यंत्र जोडायला आलेली माणसं तासभर माझ्यासाठी खोळंबली होती. एखादा शब्द अडला असता तर विचारलं असतं. एकही अडला नाही.

निवांत_दुपार

माझं मत वेगळं आहे, थोडं स्पष्टच लिहितो. आपण ‘हो, कळलं’ म्हणणाऱ्याची बाजूच बघत नाही. माझे वडील शेवटच्या काळात मान हलवायचे ते न कळल्याचं लपवायला नाही, बोलणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. चौथ्यांदा "काय म्हणालास?" विचारल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जी आठी येते ना, ती त्यांना सहन व्हायची नाही. "जाऊ दे, काही नाही" हे आमच्या घरातलं सगळ्यांत क्रूर वाक्य होतं, आणि ते मी बोलायचो. ऐकू न आलेल्या माणसाला ‘काही नाही’ म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. आज वडील नाहीत. मला ते वाक्य परत घ्यायचंय.

गुळपोळी

@निवांत_दुपार, मी ‘काही नाही’ आजच सकाळी म्हणाले सासूबाईंना. आत्ता त्यांच्या खोलीत जाऊन जे म्हणायचं होतं ते सांगून आले. कढीत आलं घालू का, एवढंच होतं. घाल म्हणाल्या.

फळा_खडू

शिक्षिका आहे, पाचवी ते सातवीला गणित. "कळलं का?" या प्रश्नाला वर्ग एका सुरात "होऽऽ बाई" म्हणतो. त्या होकाराचा आणि कळण्याचा काही संबंध नाही. मुलं खोटारडी नसतात. फळ्यावर बाईंनी सोडवलेलं उदाहरण त्यांना खरोखरच सोपं वाटलेलं असतं.

एक उदाहरण देते. ०.५ मोठा की ०.३५? वर्गातले कितीतरी हात ०.३५ साठी वर जातात. मी बरीच वर्षं याचं कारण वहीत शोधत होते. ते माझ्या तोंडात होतं! मी वाचायचे ‘शून्य पूर्णांक पस्तीस’. मुलांच्या कानात पाच आणि पस्तीस पडायचे. पस्तीस मोठे, यात त्यांचं काय चुकलं? आता मी ‘शून्य पूर्णांक तीन पाच’ असंच वाचते, आणि ०.५ च्या पुढे शून्य लिहून ०.५० करून दाखवते. फरक पहिल्याच दिवशी दिसला.

आणि "कळलं का?" विचारणं बंद केलं. त्याऐवजी, "आज न आलेल्या मैत्रिणीला हे फोनवर कसं सांगशील, सांग बरं." सांगायला लागलं की कुठे अडतंय ते मुलाला स्वतःलाच दिसतं. यावर अभ्यासही झालेला आहे. २००२ मध्ये रोझेनब्लिट आणि कील यांनी लोकांना विचारलं, झिप किंवा संडासाचा फ्लश कसा चालतो हे तुम्हाला किती कळतं? लोकांनी स्वतःला भरपूर गुण दिले. मग पायरीपायरीने समजावून लिहायला सांगितलं, आणि त्यानंतर पुन्हा गुण द्यायला लावले. ते खाली आले.

पाऊलवाट

आकड्यांवरून आमच्या लेकाचं. इंग्रजी माध्यम, घरात मराठी उत्तम, पण ‘एकोणसत्तर’ की ‘एकोणऐंशी’ म्हटलं की संपलं. मंडईतून भाजी आणायला पाठवायचे, आणायचा बरोबर. कधी शंका आली नाही. एकदा त्याच्या सॅकच्या कप्प्यात सुट्ट्या नाण्यांचा ढीग सापडला. भाजीवाल्या मावशी काय म्हणतात ते कळायचं नाही, म्हणून दरवेळी मान हलवून शंभराची नोट पुढे करायचा आणि देतील ते सुटे घेऊन यायचा. दोन वर्षं! मावशींनी कधी एक रुपया कमी दिला नाही, हेही त्यातच कळलं. आता रोज जेवताना पाच आकडे.

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘तीस दोन’ असं संख्यावाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही तेव्हा विरोधात होते. त्या नाण्यांनंतर थोडी डळमळले आहे.

चिंचेचं_झाड

@पाऊलवाट, एकोणसत्तर जायला नको हो. पण मुलाने नाणी साठवली हे वाचून मलाही गप्प व्हावं लागलं.

पासबुक

सहकारी बँकेत ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. कर्जाच्या टेबलावर ‘कळलं’ हा शब्द रोज ऐकला, आणि त्याची किंमत पुढे कर्जदारालाच मोजावी लागलेली पाहिली.

बाहेरचे सावकारी लोक, वस्तू हप्त्यावर देणारे, "फक्त १० टक्के, फ्लॅट" म्हणतात. ग्राहकाला ‘१० टक्के’ हे दोन शब्द कळतात, ‘फ्लॅट’ वाहून जातो. १ लाख रुपये ३ वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट म्हणजे व्याज सरळ ३०,००० आणि हप्ता ३,६११ रुपयांचा. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दलही फेडत असता! दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तुमच्याकडे लाख रुपये नसतातच, तरी व्याज लाखावरच. घटत्या शिलकीवर मांडलं तर हा दर जवळजवळ १८ टक्के पडतो. एवढं सांगितल्यावर माणसाचा चेहरा उतरायचा. विचारलं का नाही, तर म्हणायचे, "समोरचा एवढा नीट सांगत होता, त्याला मधेच कसं अडवायचं?" आपल्याकडे न कळणं हा अपमान वाटतो, आणि विचारणं हा समोरच्याचा अपमान वाटतो. दोन्हीकडून माणूस अडकतो.

मी एक करायचो. कागद माझ्याकडे ओढून घ्यायचो, पेन ग्राहकाच्या हातात द्यायचो आणि म्हणायचो, "तीन वर्षांत एकूण किती भरणार, लिहा." सही त्यानंतर.

भारतीय_बैठक

मी थोडी दुसरी बाजू मांडतो. सगळ्याच ठिकाणी कळलंच पाहिजे असं आहे का?

मी सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जातोय १९८८ पासून. रमणबागेतल्या थंडीतल्या रात्री, आणि आता मुकुंदनगर. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा उत्सव, तिथे येणाऱ्या हजारोंना सगळ्यांनाच राग ओळखता येतो का? नाही. मीही पहिली सहा-सात वर्षं शेजारच्यांनी मान हलवली की हलवायचो. पण मी ढोंग करत नव्हतो. मला आनंद होत होता, तो दाखवायची रीत तेवढी मी उसनी घेतली होती.

एका वर्षी शेजारी बसलेल्या आजोबांनी हळूच विचारलं, "सम कळते का?" सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. मी खरं सांगितलं, नाही. त्यांनी मांडीवर माझ्या हाताने ठेका धरायला लावला. विलंबित एकताल, बारा मात्रा, एक आवर्तन पाऊण-एक मिनिटाचं. म्हणाले, "सगळं नका मोजू. फक्त तबल्याचा ‘तिरकिट’ हा बोल ऐका. एका आवर्तनात दोनदा येतो, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या. दुसरा आला की पुढे धिं, ना, आणि सम." मी डोळे मिटले. दुसरा तिरकिट, धिं, ना, आणि गायक नेमका तिथे येऊन उतरला. अंगावर काटा आला. शेजारच्यांनी मान हलवायच्या आधी माझी हलली होती.

तेव्हा मला असं वाटतं, न कळता मान हलवणारा माणूस पुष्कळदा दाराशी उभा असतो. त्याला आत घेणारा कोणी भेटला पाहिजे.

फळा_खडू

@भारतीय_बैठक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण गाणं आणि गोळी यांत फरक आहे. गाण्यात सहा वर्षं थांबता येतं.

भारतीय_बैठक

मान्य. पूर्ण मान्य.

लोणंद_लोकल

पुणे-मिरज मार्गावर स्टेशन मास्तर होतो. @फळा_खडू यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावंसं वाटलं.

आमच्या कामात ‘हो’ला किंमत नव्हती. फाटक बंद केलं का, असं गेटमनला फोनवर विचारल्यावर नुसतं "हो साहेब" चालत नसे. त्याच्याकडे छापील यादी असायची, त्यावरचा पुढचा प्रायव्हेट नंबर त्याने द्यायचा. दोन आकडी. तोही दोन प्रकारे: "सदुसष्ट, सहा सात." मी तो तसाच परत म्हणून दाखवायचा, रजिस्टरमध्ये वेळेसह लिहायचा, मग पुढचं काम. पावसात फोनची खरखर, रात्रीचे दोन, दोघंही थकलेले, ‘सदुसष्ट’चं ‘सत्तेचाळीस’ ऐकू येऊ शकतं. म्हणून सहा सात. यात कुणाला कमीपणा वाटत नसे, कारण ते सगळ्यांना लागू होतं. नवा पोरगा असो की ३० वर्षांचा जुना गेटमन.

विमानांतही असंच परत म्हणून दाखवतात, तरी चुका होतात. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानांची हवेत टक्कर झाली. दिल्लीहून चढणाऱ्या सौदी विमानाला १४,००० फूट दिले होते, उतरणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५,०००. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली आलं. ३४९ माणसं गेली. चौकशीत कझाक वैमानिकांचं तोकडं इंग्रजी हा मोठा मुद्दा होता. नंतर आंतरराष्ट्रीय नियमच झाला की वैमानिक आणि नियंत्रक यांचं इंग्रजी सहा पायऱ्यांवर मोजायचं आणि निदान चौथी पायरी हवीच.

डॉक्टरांच्या खोलीत हा नियम का नाही, हे मला कळत नाही.

निशिगंध

@लोणंद_लोकल, आहे हो. त्याला ‘टीच बॅक’ म्हणतात. रुग्णाने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. बऱ्याच ठिकाणी शिकवलंही जातं, पण ओपीडीत बाहेर ६० माणसं बसलेली असली की सुटतं.

सकाळची_फेरी

त्या टीच बॅकबद्दल माझा अनुभव वाईट आहे. आईला एका नर्सने विचारलं, "आजी, मी काय सांगितलं, म्हणून दाखवा." आई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. ती उठून निघूनच आली. पुढचे दोन महिने तपासणीला तयार नव्हती. हे मान दुखावण्याचंच उदाहरण नाही का?

निशिगंध

आहे. चूक शब्दांची आहे. परीक्षा सांगणाऱ्याची हवी, ऐकणाऱ्याची नको. मी असं म्हणते: "मी आज फार भरभर बोलले. काही सांगायचं राहिलं नाही ना, ते बघायचंय. घरी गेल्यावर तुम्ही गोळ्या कशा घेणार?" किंवा पुढच्या कृतीबद्दल विचारायचं: "उद्या सकाळी कुठली गोळी काढून ठेवू?" ज्या प्रश्नाला हो-नाहीत उत्तर देता येतं तो विचारायचाच नाही. @मुठाकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. समोर बसून बोला, चेहऱ्यावर उजेड असू द्या, टीव्ही बंद. ओरडू नका. ओरडल्याने स्वरच वाढतात, गेलेली व्यंजनं परत येत नाहीत. आणि नाही कळलं तर तेच वाक्य मोठ्याने म्हणण्याऐवजी शब्द बदला.

सकाळची_फेरी

"काही सांगायचं राहिलं नाही ना" हे आई ऐकून घेईल. धन्यवाद.

मुठाकाठ

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मधले तीन आठवडे धावपळीत गेले, म्हणून उशिरा लिहितेय.

तपासणी झाली. मळ नव्हता. खालच्या पट्टीत कान जवळजवळ ठीक, ४,००० हर्ट्झला दोन्हीकडे ७० डेसिबलपर्यंत उतरलेले. आलेख जिना उतरल्यासारखा दिसतो. बाबांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही पुटपुटत नव्हता तर." मग म्हणाले, "मला वाटलं होतं, डोकं चालेनासं झालंय." दोन वर्षं ते मनात हे घेऊन बसले होते आणि आम्हाला सांगत नव्हते. मी तिथेच रडले.

श्रवणयंत्रं बसवून बारा दिवस झाले. पहिले चार दिवस भांड्यांच्या आवाजाने हैराण होते, काढून ठेवायचे. आता सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास असं वाढवतोय. काल डॉक्टरांकडे नेलं. मी मुद्दाम गप्प बसले. डॉक्टरांचं सांगून झाल्यावर बाबा स्वतःच म्हणाले, "थांबा, मी सांगतो, बरोबर आहे का बघा." आणि गोळ्यांचं सगळं म्हणून दाखवलं. एक चुकलं होतं. डॉक्टरांनी दुरुस्त केलं आणि चिठ्ठीवर लिहूनही दिलं.

संध्याकाळी लेकीला जवळ बोलावून म्हणाले, "तुझ्या त्या सगळ्या गोष्टी मला परत सांग. पहिल्यापासून." ती म्हणाली, "आबा, त्या जुन्या झाल्या." आणि नवीन सुरू केली. एका मुंगीची होती, जिला शाळेत उशीर होतो. बाबांनी मधेच तिला थांबवलं: "उशीर का झाला म्हणालीस?"

गुळपोळी

का झाला होता मुंगीला उशीर?

मुठाकाठ

दप्तरात साखरेचा दाणा होता, त्यामुळे दप्तर जड झालं होतं.

निशिगंध

फार छान वाटलं वाचून. यंत्रं रात्री काढल्यावर कोरड्या डबीत ठेवा, पावसाळा आहे. आणि पुढच्या तपासणीला येताना कुठल्या आवाजाचा त्रास होतो ते बाबांनाच लिहून आणायला सांगा.

मुठाकाठ

त्यांनी यादी आधीच सुरू केली आहे. पहिल्या क्रमांकावर माझं मिक्सर आहे.